अळंबी ओळखायची ती बुडापासून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर ‘विषारी अळंबी कशी ओळखाल’ अशा चौकटी दरवर्षी फिरू लागतात. रंगीत ती विषारी, पांढरी ती खाण्याची. चांदीचे नाणे काळे पडले तर टाकून द्या. किड्यांनी कुरतडलेली असेल तर खुशाल खा. चिंचेच्या पाण्यात उकळली की विष उतरते. यातला एकही नियम खरा नाही. आपला वाचक सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत पसरलेला आहे. कुणी अळंबी म्हणते, कुणी सात्या, कुणी टेकोडे, पण पावसाळ्यात रानातली अळंबी शिजते अशी घरे सगळीकडे आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर पत्र. ते लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचेच झाले, तर शेवटचा विषबाधेचा भाग तेवढा कापू नये, ही विनंती.

आधी त्या समजुतींचे. जगात अळंबीच्या विषबाधेने जे मृत्यू होतात, त्यांतले बहुतेक अमानिता कुळातल्या काही जातींमुळे होतात. या अळंब्या फिकट हिरवट तरी असतात नाहीतर शुभ्र पांढऱ्या. दिसायला देखण्या, वासाला सौम्य, आणि खाऊन वाचलेल्यांनी सांगितल्यानुसार चवीलाही चांगल्या. म्हणजे पांढरा रंग, कडूपणा नसणे, घाण वास नसणे यांपैकी काहीच भरवशाचे नाही. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. अळंबीतल्या विषाचा चांदीवर काही परिणाम होत नाही, उलट भांड्यात लसूण असेल तर चांगल्या अळंबीतही नाणे काळवंडू शकते. गोगलगायी आणि माश्यांच्या अळ्या विषारी अमानिताही आवडीने पोखरतात, कारण त्यांच्या शरीराला ते विष सोसते, आपल्या यकृताला सोसत नाही. कुत्र्यामांजराला आधी खाऊ घालून बघणे तर क्रूरही आहे आणि निरुपयोगीही. या विषाची लक्षणे दिसायला सहा ते बारा तास, कधी चोवीस तास लागतात. तोवर घरातली सगळी माणसे जेवून झोपलेली असतात. राहिले उकळणे, वाळवणे आणि आंबट घालणे. अमानितातले अमाटॉक्सिन हे विष उष्णतेने मोडत नाही, वाळवूनही जात नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला. त्यांत चहामळ्यांच्या भागातली कुटुंबे होती, लहान मूलही होते.

मग ओळखायची कशी? एकाच खुणेवर निकाल देता येईल अशी कोणतीही खूण नाही. अळंबी कशातून उगवली, तिच्या बुडाशी काय आहे, दांड्यावर बांगडी आहे का, छत्रीखालच्या पात्या दांड्याला कशा भेटतात, वय वाढते तसा त्या पात्यांचा रंग कसा बदलतो आणि बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा कोणत्या रंगाचा पडतो, हे सगळे एकत्र जुळावे लागते. यांतले एक जरी जुळले नाही, तरी ती अळंबी पातेल्यात जाता कामा नये. आणि यांतली सर्वांत निर्णायक खूण मातीखाली असते. तोडताना नेमकी तीच मागे राहते. वर्तमानपत्रांत छापले जाणारे फोटो पाहा, सगळे वरून काढलेले. छत्री दिसते, बूड दिसत नाही. आमचे सगळे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे.

दांडा धरून ओढला की तो मातीलगत तुटतो. म्हणून ओळख पटवायची असेल तेव्हा त्या जागेवरची निदान एक अळंबी अख्खी उकरून काढावी. खुरपे किंवा बोथट सुरी दांड्यापासून चार बोटे लांब, उभी खुपसावी, माती सैल करावी आणि उरलेली माती बोटांनी किंवा काडीने बाजूला करत खाली जावे. पाणी ओतू नये. विषारी अमानिताच्या बुडाशी असलेली पातळ पांढरी पिशवी पापुद्र्यासारखी असते, ती पाण्याने आणि घाईने फाटून मातीतच राहते. मग हातात जी अळंबी येते ती पिशवी नसलेली, म्हणजे वरकरणी निर्धोक दिसते. अमानिताच्या छत्रीवरचे पांढरे चट्टेही जोरदार सरीने धुऊन जातात. त्यामुळे ‘चट्टे दिसत नाहीत’ याला पावसाळ्यात काही अर्थ नाही. ‘पिशवी दिसत नाही’ याला अर्थ आहे, पण बूड शाबूत काढले असेल तरच.

आता आपल्याकडच्या सर्वांत मोलाच्या अळंबीकडे येऊ. वारुळाजवळ उगवणारी, कोकण-गोव्यात श्रावणात मांसाहार बंद असतो तेव्हा जिच्यावर उड्या पडतात, ती टर्मिटोमायसिस कुळातली. १९४२ साली रॉजे एम या फ्रेंच बुरशीशास्त्रज्ञाने या कुळाला हे नाव दिले. या कुळाची बुरशी वाळवीच्या घरात वाळवीच सांभाळते. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड खाऊन त्याच्या विष्ठेपासून मेंदूसारखी वळ्यावळ्यांची, ठिसूळ, तपकिरी पोळी रचते आणि त्या पोळीवर बुरशी वाढते. त्यावर मोहरीहून बारीक पांढरे दाणे येतात, ते वाळवीचे खाद्य. पाऊस मुरून माती मऊ झाली की याच पोळीतून अळंबीचा कोंब वर निघतो. कडक माती भेदायची असल्यामुळे छत्रीच्या मधोमध एक घट्ट, टोकदार उंचवटा तयार होतो. छत्री पूर्ण उघडल्यावरही तो हाताला लागतो. बाकीच्या छत्रीपेक्षा तो गडद असतो, करडा किंवा तपकिरी. छत्रीची कड पुढे उभी चिरत जाते. पात्या दाट, पांढऱ्या, दांड्याला न चिकटलेल्या, आणि एक-दोन दिवसांत त्यांच्यावर किंचित गुलाबी झाक येते. दांडा भरीव आणि तंतुमय असतो. मातीत शिरल्यावर तो एकदम संपत नाही, मुळासारखा निमुळता होत खोल जातो. त्या भागाची साल बाहेरून मळकट, चिवट असते आणि आतून तो पांढराच असतो. वीतभर, कधी हातभर खाली गेल्यावर त्याचे टोक वाळवीच्या पोळीला टेकलेले सापडते.

हे टोक पोळीला टेकलेले प्रत्यक्ष दिसणे, हाच खरा पुरावा. नुसते ‘वारुळाजवळ होती’ एवढे पुरेसे नाही. वारुळाच्या आसपास पाला असतो, झाडे असतात, कुजकी लाकडे असतात आणि त्यांवर भलत्याच अळंब्या उगवतात. ‘लांब मूळ होते’ हेही एकटे पुरेसे नाही. ऑडमॅन्सिएला गटातल्या काही अळंब्यांनाही लांब मूळ असते, पण ते मातीत गाडलेल्या लाकडावर किंवा झाडाच्या मुळावर जाऊन संपते. त्यांच्या पात्या जाड, विरळ आणि दांड्याला भिडलेल्या असतात आणि बीजाणू पांढरे. बांगडीबाबतही गोंधळ आहे. ‘बांगडी असेल ती विषारी’ असे सर्रास सांगितले जाते. पण १९७९ मध्ये दक्षिण भारतातून वर्णन झालेल्या टर्मिटोमायसिस हायमी या खाद्य जातीच्या दांड्यावर बांगडी असते, तर टर्मिटोमायसिस क्लिपिएटस या दुसऱ्या खाद्य जातीला ती नसते. बांगडी ही नोंदवायची खूण आहे, निकालाची नव्हे.

याच कुळातली बारकी भावंडे जास्त जपून घ्यावी लागतात. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस या जातीच्या छत्र्या जेमतेम एक ते दोन सेंटिमीटरच्या. शेकड्यांनी एकत्र उगवून जमीन पांढरी करतात. वाळवी जुन्या पोळीचे तुकडे जमिनीच्या वर आणून टाकते आणि ही अळंबी त्या तुकड्यांवर उगवते, म्हणून तिला लांब मूळ नसते. म्हणजे सर्वांत मोठी खूणच येथे उपलब्ध नाही. अशा वेळी मूठभर अळंब्या मातीसकट उचलून बुडाशी पोळीचे तपकिरी, दाणेदार तुकडे दिसतात का ते पाहावे. दिसले नाहीत तर त्या बारीक पांढऱ्या छत्र्या दुसऱ्या कुठल्याही असू शकतात.

शहरांत आणि तालुक्याच्या गावांत सर्वाधिक फसवणूक होते ती वेगळ्याच अळंबीमुळे. मैदानावरचे गवत, सोसायटीची हिरवळ, शेणखत टाकलेली बाग, रस्त्याकडेचा गवताळ पट्टा अशा जागी पहिल्या सरींनंतर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या येतात, कधी वर्तुळात मांडल्यासारख्या. हिचे नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. अळंबीच्या विषबाधांत उष्ण प्रदेशांत हिचे नाव वारंवार येते. कळी असताना ती ढोल वाजवायच्या टिपरीसारखी दिसते, माथ्यावर तपकिरी टोपण. छत्री फुगते तसे टोपण फाटून मधोमध तपकिरी डाग आणि भोवती तपकिरी खवले राहतात. दांड्यावर जाडसर बांगडी असते आणि ती अंगठीसारखी वरखाली सरकते. बूड थोडे फुगीर, पण पिशवी नाही आणि मूळही नाही. हिचा दगा तिच्या पात्यांत आहे. कोवळ्या वयात त्या पांढऱ्याशुभ्र असतात आणि छत्री पूर्ण उघडून बीजाणू पिकल्यावरच हिरवट करड्या होतात. लोक नेमकी कोवळीच तोडतात, कारण ती लुसलुशीत असते. हिच्या बीजाणूंचा ठसा मळकट हिरवा पडतो. मोठ्या छत्रीच्या अळंब्यांत असा हिरवा ठसा इतर कुणाचा सहसा पडत नाही, म्हणून इतक्या ठळक खुणेचा उपयोग न करणे हे केवळ घाईचे फळ. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात, कधी रक्तही पडते. मोठी माणसे बहुधा सावरतात. लहान मुलांच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होऊन जिवावर बेतू शकते.

तर हा ठसा घरी कसा घ्यायचा? पूर्ण उघडलेली छत्री घ्यावी, अर्धी मिटलेली नको. दांडा पात्यांच्या पातळीत सुरीने कापून टाकावा. एक कोरा पांढरा आणि एक काळा कागद शेजारीशेजारी ठेवून छत्री दोन्हींवर अर्धी-अर्धी येईल अशी, पात्या खाली करून ठेवावी. पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही, म्हणून काळा हवाच. छत्रीच्या माथ्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा, वर वाटी पालथी घालावी आणि रात्रभर हात लावू नये. पंखा चालू असेल आणि वाटी घातली नसेल तर बीजाणू उडून ठसा विस्कटतो. छत्री फार ओली असेल तर कागद भिजून रंग पसरतो. फ्रिजमध्ये दोन दिवस राहिलेली छत्री बहुधा ठसा देतच नाही. सकाळी छत्री उचलली की पात्यांची नक्षी कागदावर उमटलेली असते. रंग उजेडात, दिवसाच पाहावा. ट्यूबलाइटखाली फिकट गुलाबी आणि पांढरा यांत फरक कळत नाही. ठसा पडलाच नाही तर ‘बहुतेक गुलाबी असेल’ असे धरून चालायचे नाही. ठसा नाही तर ओळख नाही.

पांढरा ठसा, पांढऱ्या सुट्या पात्या, दांड्यावर बांगडी आणि बुडाशी पिशवी हे चौघे एकत्र आले की ती अमानिता समजून हात आखडता घ्यावा. गुलाबीसर ठसा, सुट्या पात्या, बुडाशी पोळीपर्यंत गेलेले मूळ आणि माथ्यावर टोक, ही टर्मिटोमायसिस. पण नुसता गुलाबी ठसा पाहून हुरळून जाऊ नये. एन्टोलोमा कुळातल्या अळंब्यांचा ठसाही गुलाबीच असतो, त्यांत विषारी जाती आहेत, आणि हे कुळ पश्चिम घाटात चांगलेच पसरलेले आहे. फरक असा की एन्टोलोमाच्या पात्या दांड्याला चिकटलेल्या असतात. छत्री मधोमध उभी कापली की हे लगेच दिसते. टर्मिटोमायसिसमध्ये पात्या आणि दांडा यांच्यामध्ये बारीक फट असते, एन्टोलोमात नसते. चॉकलेटी ठसा आणि आधी गुलाबी, मग काळपट होणाऱ्या सुट्या पात्या ही बाजारातल्या बटण अळंबीच्या कुळाची खूण. त्यातही दांड्याचे बूड नखाने खरवडल्यावर झटकन गडद पिवळे झाले आणि फिनाइलसारखा वास आला, तर ती पोट बिघडवणारी जात समजावी.

भातपट्ट्यात आणखी एक गफलत होते. कुजलेल्या भाताच्या पेंढ्यावर येणारी अळंबी म्हणजे व्होल्व्हॅरिएला. ती खाण्याजोगी आहे, तिची लागवडही होते. पण तिच्या बुडाशी ठळक पिशवी असते आणि कळी असताना ती हुबेहूब अंड्यासारखी दिसते. कोवळी अमानिताही अगदी तशीच अंड्यासारखी असते. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी आपली ओळखीची पेंढ्यावरची अळंबी समजून तिकडची अमानिता खाल्ल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. फरक असा: व्होल्व्हॅरिएलाला बांगडी नसते, पात्या वयानुसार गुलाबी होतात, ठसा गुलाबी पडतो, आणि ती पेंढा किंवा तत्सम कुजक्या काडीकचऱ्यावर येते. अमानिताच्या बहुतेक जातींना जिवंत झाडाच्या मुळांची सोबत लागते, म्हणून त्या झाडांखाली जमिनीतून उगवतात. अंड्याच्या अवस्थेत मात्र यांतले बरेचसे तपासताच येत नाही. म्हणून रानातली अंडी, कितीही ओळखीची वाटली तरी, घरी आणू नयेत.

ज्यांना गोल, पांढरे, छत्री नसलेले गोळे सापडतात त्यांनी प्रत्येक गोळा उभा कापून पाहावा. आत एकसारखा पांढरा, घट्ट गर असेल तर तो कोवळा भूगोळा. आत छत्री-दांड्याची पुसट आकृती दिसली तर ते अमानिता किंवा तिच्यासारख्या अळंबीचे अंडे. सालीखाली बुळबुळीत चिकाचा थर असेल तर ती दुर्गंधी अळंबीची कळी. साल जाड आणि आतला गर जांभळट काळा असेल तर स्क्लेरोडर्मा, तीही खाऊ नये. दहा गोळ्यांपैकी एक कापून बाकीचे तसेच टाकणे चालत नाही, दहाही कापावे लागतात.

लाकडावर थरांनी येणाऱ्या, दांडा बाजूला असलेल्या आणि पात्या दांड्यावर उतरत जाणाऱ्या धिंगरीसारख्या अळंब्या तुलनेने सोप्या आहेत, पण त्याही नवख्याने एकट्याने ठरवू नयेत. शाई होऊन गळून जाणाऱ्या अळंब्यांतली एक जात दारूबरोबर पोटात गेली की चेहरा लाल होणे, धडधड आणि उलट्या असा त्रास देते. कुंड्यांत येणारी लिंबासारखी पिवळी नाजूक छत्री शोभेपुरती राहू द्यावी, मुलांच्या हाती लागू देऊ नये. आणि सहा-सात सेंटिमीटरपेक्षा लहान, खवलेदार, बांगडी असलेल्या, लेपिओटा गटातल्या सगळ्या अळंब्या सरसकट सोडून द्याव्यात. यांतल्या काहींत अमानितातलेच अमाटॉक्सिन असते, त्यांना झाडाची सोबत लागत नाही, त्या बागेतही येतात, आणि त्यांतली जात ठरवायला सूक्ष्मदर्शकाशिवाय इलाज नसतो. तपकिरी बारीक अळंब्यांनाही हाच नियम लावावा.

आता फोटोंविषयी. अळंबीचा वरून काढलेला एक फोटो व्हॉट्सॲपवर टाकून ‘खाऊ का?’ असे विचारणाऱ्याला कोणीही ‘हो’ म्हणू नये, मोबाइलमधल्या ॲपनेही. जाणकाराला दाखवायचे असेल तर छत्री वरून, पात्या खालून, बांगडीसकट दांडा बाजूने, मातीतून उकरलेले अख्खे बूड, मधोमध उभा काप, आणि उगवली ती जागा असे फोटो हवेत. शेजारी मापासाठी एक नाणे ठेवावे आणि ठशाचा फोटोही जोडावा. तरीही फोटोवरून दिलेले उत्तर अभ्यासासाठी, जेवणासाठी नव्हे. प्रत्यक्ष नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात न्यावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे.

बाजाराबाबत एक सूचना. रस्त्याकडेला पानावर वाटे लावून विकल्या जाणाऱ्या अळंब्यांची बुडे बहुतेक वेळा कापलेली असतात, कारण माती लागलेले बूड ग्राहकाला नको असते. येथे ग्राहकानेच सवय बदलायला हवी. मुळासकट असलेला, माती लागलेला वाटा आधी मागावा आणि मुंडक्यांचा ढीग घेऊ नये. विकणाऱ्या बाईंना वारूळ कुठले, मूळ किती खोल होते, हे विचारावे. ज्यांनी स्वतः काढली आहे त्या न अडखळता सांगतात. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी पावसाळ्यात एवढा साधा नियम बाजारात लावला तरी पुष्कळ होईल. टर्मिटोमायसिसची लागवड अजून कोणाला व्यवहारात जमलेली नाही. त्यामुळे ‘आमच्या शेडमधली वारुळाची अळंबी’ असे कोणी म्हणत असेल तर ती दुसरीच काहीतरी आहे.

बूड उकरा असे आम्ही म्हणतो, तेव्हा वारूळ फोडा असे म्हणत नाही. सिंधुदुर्ग-गोव्यात वारूळ सातेरी देवी म्हणून पूजले जाते, ते फोडायला तिथे कुणी धजत नाही, आणि विज्ञानाच्या बाजूनेही हेच बरोबर आहे. पोळी उघडी पडली की ती वाळते आणि त्या जागी पुढच्या वर्षी अळंबी येत नाही. ओळखीसाठी एका जागेची एकच अळंबी मुळापर्यंत तपासावी, माती परत लोटून दाबावी, बाकीच्या मातीलगत कापून घ्याव्यात. त्यांतल्या पूर्ण उघडलेल्या काही जागेवरच सोडाव्यात. या कुळातल्या बहुतेक जातींत नवी वसाहत थाटणारी वाळवी बुरशीचे बी सोबत आणत नाही, आसपास पडलेल्या बीजाणूंतूनच ती नवी पोळी लावते. सगळ्या कळ्याच खुडल्या तर बीजाणू पडणार कुठून? अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काहीही उचलणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

शेवटी विषबाधा. खाल्ल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलट्या-जुलाब झाले, तर ते बहुधा पोटापुरते विष असते. अर्ध्या ते दोन तासांत दरदरून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी आणि बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर ते मस्करीन नावाचे विष, त्यावर डॉक्टरांकडे ॲट्रोपिन हे औषध आहे. खरी भीती आहे ती उशिरा सुरू होणाऱ्या त्रासाची. रात्री जेवले आणि पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी, म्हणजे सहा तासांनंतर, मुरडा, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, तर ते अमाटॉक्सिनच धरून चालावे. दिवसाभरात हे थांबते, रुग्णाला बरे वाटते, तो घरी जायचे म्हणतो. येथेच घात होतो. याच काळात यकृताच्या पेशी मरत असतात, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कावीळ, रक्तस्राव आणि गुंगी दिसू लागते. म्हणून बरे वाटत असले तरी रुग्णाला घरी नेऊ नये, यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या सलग काही दिवस करून घ्याव्यात. या विषाची घातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास मानली जाते. वीस किलोच्या मुलासाठी ते दोन मिलिग्रॅम झाले, आणि एवढे एका मध्यम आकाराच्या छत्रीत असू शकते.

लक्षणांची वाट न पाहता, विषारी अळंबी पोटात गेल्याचा संशय आला की १०८ ला फोन करावा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, ताक-तूप देत बसू नये. ज्या-ज्या माणसांनी तो पदार्थ खाल्ला त्या सगळ्यांना न्यावे, त्रास नसलेल्यांनाही. डॉक्टरांना तीन गोष्टी नेमक्या सांगाव्यात: किती वाजता खाल्ले, पहिला त्रास किती वाजता झाला, आणि एकाच वेळी वेगवेगळ्या जागच्या अळंब्या शिजवल्या होत्या का. शेवटचे फार महत्त्वाचे, कारण दोन जाती मिसळल्या असतील तर लवकर सुरू झालेल्या त्रासाआड उशिराचे विष लपते.

आणि रानातली अळंबी शिजवणाऱ्या प्रत्येक घराने हे करावे: प्रत्येक जागची एक अख्खी कच्ची अळंबी, बुडासकट आणि मातीसकट, कागदी पिशवीत घालून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती एका रात्रीत पाणी सुटून कुजते आणि मग कोणालाही ओळखता येत नाही. पिशवीवर तारीख, वेळ आणि जागा लिहावी. त्रास झाला तर ती पिशवी रुग्णाबरोबर जावी. कच्ची उरली नसेल तर साफ करताना काढलेल्या साली आणि बुडे केराच्या टोपलीतून शोधून न्यावीत, तीही नसतील तर उरलेली भाजी डब्यात भरून न्यावी. बीजाणू शिजल्यावरही सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात.

कळावे.

आपले,
बुरशीशास्त्राचे काही अध्यापक,
जि. सिंधुदुर्ग